जुने टायर, नवे रबर : मांजरी ते सोलापूर

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या मांजरीचा आधुनिक इतिहास हा मुख्यतः उसाचा इतिहास आहे. खडकवासल्याच्या धरणातून निघालेल्या मुठा कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा टापू बागायती केला, पुढच्या शतकाच्या आरंभी येथील सरकारी शेतावर ऊसलागवडीचे प्रयोग झाले, आणि १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी स्थापन केलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था मांजरी बुद्रुक येथेच नांदते आहे. या पट्ट्यात टायर शिरला तो उसाच्याच वाटेने. लोखंडी धावेच्या लाकडी चाकांऐवजी रबरी टायर लावलेली गाडी कच्च्या रस्त्यावर बैलांना ओढायला हलकी जात असे आणि माल अधिक वाहत असे, म्हणून साखर कारखान्यांनी ती जवळ केली. ऊसतोड मजुरांच्या बोलीत आजही ‘टायर सेंटर’ हा शब्द आहे. बैल मजुराचे आणि टायरची गाडी कारखान्याची, अशी ती व्यवस्था होय.

मोटारीवरून उतरलेला टायर लगेच टाकाऊ ठरत नसे, ही गोष्ट या व्यवसायाचा इतिहास लिहिताना आधी ध्यानात घ्यावी लागते. मालमोटारीचा झिजलेला टायर ‘रिमोल्ड’ होई, म्हणजे त्याच्या शाबूत सांगाड्यावर नव्या रबराचा पट्टा चढवला जाई. सांगाडाच खचला की तो चर्मकाराकडे जाई. जुन्या टायरमध्ये सुती किंवा नायलॉनच्या धाग्यांचे थर असत, आणि हे थर सोलून काढून रापीने तळ कापता येत असे, त्यामुळे टायरच्या तळाची चप्पल शेतमजुरांच्या पायात दीर्घकाळ टिकून राहिली. चालक ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात त्याच्या जागी पोलादी तारांचा ‘रेडियल’ आला, तसे हे काम रापीच्या आवाक्याबाहेर गेले. तार गुंतलेल्या टायरला हाताचे हत्यार पुरत नाही, त्याला यंत्रच लागते; गावातल्या गावात होणारा पुनर्वापर मागे पडून जुने टायर दूरच्या कारखान्याकडे वळण्यामागे हे एक मोठे, आणि बहुधा दुर्लक्षिलेले, कारण आहे.

कारखान्यापुढची अडचण मात्र वेगळी होती आणि ती रबराच्या रसायनातच आहे. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये शोधलेल्या आणि १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या व्हल्कनीकरणात गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबराच्या लांब रेणूंमध्ये आडवे पूल बांधले जातात. या पुलांमुळेच रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत ठिसूळ होत नाही, परंतु भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल करता येत नाही, त्याप्रमाणे असे रबर वितळवून नव्या साच्यात ओतता येत नाही. त्यातून दोन मार्ग निघाले. पहिला, जुन्या रबराची पूड करून ती ‘फिलर’ म्हणून, म्हणजे नव्या रबरात चिनीमाती किंवा खडूच्या भुकटीप्रमाणे भर घालणारा पदार्थ म्हणून, मिसळणे. दुसरा, उष्णता, तेल आणि रसायने वापरून गंधकाचे काही पूल तोडणे आणि रबराला पुन्हा मळता येईल असे मऊ करणे. दुसऱ्या मार्गाने मिळणाऱ्या मालाला व्यापारात ‘रिक्लेम’ म्हणतात. १८५८ मध्ये अमेरिकेत हायरम हॉल याने वाफेची पद्धत काढली आणि १८९९ मध्ये आर्थर मार्क्स याने अल्कलीची पद्धत आणली. १९१० च्या सुमारास कच्च्या रबराचे भाव विलक्षण चढले असताना रिक्लेमला मोठी मागणी होती, तर १९३० नंतरच्या मंदीत ताजे रबर कवडीमोल झाल्यावर तीच मागणी ओसरली. भावाशी बांधलेले हे भरतीओहोटीचे चक्र पुढे भारतातही दिसले. २०११ मध्ये नैसर्गिक रबराचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या वर गेला होता, आणि २०१६ च्या आरंभी तो शंभराच्या खाली उतरला. जुन्या रबराला प्रतिष्ठा मिळते ती अनेकदा ताज्या रबराच्या महागाईमुळे, हे या व्यवसायातील जाणत्यांना नवे नाही.

महाराष्ट्रात या उद्योगाचे ठळक नाव म्हणजे १९७४ मध्ये गुजरात रिक्लेम अँड रबर प्रॉडक्ट्स या नावाने स्थापन झालेली आणि आज जीआरपी म्हणून ओळखली जाणारी कंपनी. तिच्या कारखान्यांपैकी एक सोलापूरला, म्हणजे मांजरीजवळून जाणाऱ्या महामार्गावरच पुढे आहे. रिक्लेमच्या कामाची रीत सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते. टायरच्या कडेची जाड तार आधी उपसून काढतात, मग खाचदार रुळांच्या चक्कीत त्याचे तुकडे करतात, चुंबकाने पोलाद वेगळे करतात आणि चाळणीतून पूड गाळतात. चाळणीचा अंक ‘मेश’मध्ये सांगतात, म्हणजे एका इंचात किती छिद्रे, तीस मेशची पूड सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या मोठ्या कणांची असते. ही पूड तेलासह दाबाच्या पात्रात वाफेवर शिजवल्यावर, वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन रुळांमधल्या अगदी अरुंद फटीतून ती पिळून काढतात, आणि बाहेर येणारा काळा, कागदासारखा पातळ पापुद्रा ढोलावर गुंडाळत त्याची लादी बनवतात.

नुसत्या पुडीची मर्यादा येथे सांगितली पाहिजे. कार्बन ब्लॅक, म्हणजे टायरला काळा रंग देणारी अतिसूक्ष्म काजळी, रबराला बळकट करते, कारण तिचे कण मिलिमीटरपेक्षा हजारो पटींनी लहान असतात आणि रबर त्यांना घट्ट धरते. जुन्या टायरचा कण त्या मानाने अवाढव्य असतो, त्याच्या पृष्ठभागाशी नवे रबर नीट जुळत नाही, आणि ताण आला की फाटण्याची सुरुवात तेथूनच होते. शिवाय नव्या मिश्रणातले गंधक या जुन्या कणांत शिरते, त्यामुळे भोवतालचे रबर अपुरे पक्के होते आणि गंधकाचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. या कारणांनी टायरच्या धावपट्टीत अशी पूड अल्प प्रमाणात, साधारणतः पाच-दहा टक्क्यांपर्यंतच, चालते. गोठ्यातील मॅट, पायपुसणी किंवा बांधकामावरचे रबरी घमेले यांत मात्र जुन्या रबराचे प्रमाण पुष्कळ वाढवता येते, कारण तेथे मजबुतीपेक्षा जाडी आणि किंमत महत्त्वाची ठरते. ज्या वस्तूला जेवढे बळ हवे तेवढेच जुने रबर तिच्यात घालावे, हा हिशेब या व्यवसायाने अनुभवाने बसवला आहे, आणि त्याची कारागिरी म्हणून दखल घेतली जाणे आवश्यक आहे.

हा हिशेब ज्या टायरांना लाभला नाही त्यांचे काय झाले, हेही याच प्रदेशात दिसते. सरपण अपुरे पडले की काही गुऱ्हाळांच्या चुलवणांत उसाच्या चिपाडांबरोबर जुने टायर जाळले गेले, आणि ज्या रबरासाठी झाडाचा चीक, खनिज तेल, गंधक व काजळी एवढे सारे खर्ची पडले होते ते रबर काही तासांच्या उष्णतेसाठी संपून गेले. धुराचा त्रास कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला झाला, तो वेगळाच. अशा वापराला आळा बसावा आणि जुन्या टायरांची जबाबदारी ते बनवणाऱ्यांनी व आयात करणाऱ्यांनी घ्यावी, या हेतूने केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार उत्पादकाला नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगांकडून प्रमाणपत्रे घ्यावी लागतात, आणि त्यासाठी रिक्लेम रबर, डांबरात मिसळण्याची रबरपूड, परत मिळवलेली काजळी आणि पायरोलिसिसचे तेल, म्हणजे हवेविना तापवून काढलेले तेल, यांचा विचार केला जातो. तळ कापणारा चर्मकार आणि उसाच्या फडापर्यंत टायर पोहोचवणारा भंगारवाला यांनी टायरच्या आयुष्यात घातलेली वर्षे मात्र या प्रमाणपत्रांत मोजली जात नाहीत.