क्लाइड शील्ड्सचं मीठ

सिएटलच्या डॉ. स्क्रिबनरांनी मार्च १९६० मध्ये क्लाइड शील्ड्सच्या हातात टेफ्लॉनची नळी बसवली, म्हणून त्याचं पुन्हापुन्हा डायलिसिस करता आलं. पण पुढे त्याचा रक्तदाब भलताच चढला. उपाय काय केला? यंत्रातून अंगातलं जादा पाणी काढलं आणि जेवणातलं मीठ तोडलं. दाब उतरला, गडी ११ वर्षं जगला. फ्रान्समध्ये तासँ इथे तर आठ-आठ तास सावकाश डायलिसिस आणि कमी मिठाचं जेवण, एवढ्यावर बहुतेकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या.

आमच्या धाकट्या भावजींच्या गोळ्या मात्र वाढतच आहेत. लोणचं सुटत नाही ना! मीठ खाल्लं की तहान, तहानेला पाणी, आणि त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. तेव्हा मंडळी, यंदा दिवाळीला आमच्याकडे पापड-लोणची पाठवू नका.