टिटवे कुणी धरायचे?

त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत, हवेत चांगलाच गारठा आहे. तुम्ही पुण्यात गंज पेठेत उभे आहात. तारीख २८ नोव्हेंबर १८९०. तात्यासाहेब म्हणजे जोतीराव फुले पहाटे गेले, आणि त्यांच्या अंगणात आता पाय ठेवायला जागा नाही. वाट काढत आत या. येता येता हा पाण्याचा हौद बघून घ्या. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांना खुला केला. आज गर्दीत डोळे पुसणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याचं पाणी प्यालेले आहेत.

आत जोतीरावांना निजवलंय. उजवा हात बघा. १८८८ साली अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, डॉक्टर विश्राम रामजी घोल्यांनी औषधपाणी केलं, पण या हातात पुन्हा लेखणी धरता आली नाही. आता डावा बघा. साठी उलटल्यावर या माणसाने डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरं केलं.

उशाशी सावित्रीबाई बसल्या आहेत. १८४० साली लग्न झालं तेव्हा ते तेरा वर्षांचे, त्या नऊ. पन्नास वर्षांचा संसार. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं, मुलींच्या शाळेपायी वडिलांनी घराबाहेर काढलं तेव्हा दोघंही एकत्रच बाहेर पडले. पोटी मूल नाही म्हणून दुसरी बायको करा, असा तगादा नातलगांनी लावला. जोतीरावांनी ऐकलं नाही. शाळांबद्दल सगळेच बोलतात; नवरा म्हणून दिलेला हा नकार मला शाळेइतकाच मोठा वाटतो.

आणि तो कोपऱ्यात उभा आहे तो पोरगा, जेमतेम सोळा वर्षांचा, तो यशवंत. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जीव द्यायला निघाली होती, तिला या दोघांनी घरी आणलं, तिचं बाळंतपण केलं आणि तिचा मुलगा आपला म्हणून वाढवला. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस केलं. गेल्याच वर्षी त्याचं लग्नही भटजीशिवायच्या सत्यशोधक पद्धतीने लावून दिलं.

त्याच मृत्युपत्रात आपला देह मिठात घालून पुरावा, असं लिहून ठेवलंय. घरामागे खड्डाही खणून तयार आहे. पण वस्तीत पुरायला पालिकेची परवानगी मिळत नाही, म्हणून दहन करायचं ठरतं.

तिरडी उचलायची वेळ येते आणि भाऊबंद आडवे येतात. टिटवे म्हणजे प्रेतापुढे न्यायचं निखाऱ्यांचं मडकं. ते धरेल त्याचा वारसाहक्क, आणि दत्तक पोराने ते धरायचं नाही म्हणतात. आवाज चढतात. यशवंतच्या तोंडून शब्द फुटत नाही. अशा वेळी बापाच्या प्रेताजवळ पोरानं आपण पोर असल्याचं शाबीत करायचं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तुम्हाला कळेल.

सावित्रीबाई उठतात. टिटवे स्वतःच्या हातात घेतात आणि चालू लागतात. मडक्यातल्या निखाऱ्यांचा धूर त्यांच्या तोंडावर येतोय, पदराने तो वारायलाही हात मोकळा नाही. जिथे बायकांनी स्मशानाची वाट धरायची नसते, तिथे एक बाई सगळ्यांच्या पुढे आहे. बाजूला होऊ नका, मागे चाला. अग्नीही त्याच देतात.

दोन दिवसांनी अस्थी घरामागच्या त्याच खड्ड्यात ठेवल्या गेल्या. १८९१ साली ‘सार्वजनिक सत्यधर्म’ छापून निघालं, ते यशवंतने काढलं. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात माय-लेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली आणि त्याच प्लेगाने १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

गंज पेठेतलं ते घर आजही आहे. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जा, आणि हे जोतीराव कुणाचे वडील होते तेही त्यांना सांगा.