सरपण आणायला गेलेल्या बाईची सुरक्षा: दारफुरमध्ये एका चुलीने काय बदललं?

सुदानच्या पश्चिमेकडील दारफुरमध्ये २००३ साली सरकार आणि बंडखोर गटांमध्ये युद्ध पेटलं. सरकारच्या बाजूने लढणाऱ्या जंजवीद टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली आणि लाखो लोक छावण्यांमध्ये आले. तिथे मदतीचं धान्य मिळायचं, पण ते शिजवायचं कशावर? आसपासची झाडं संपत गेली, तसं सरपणासाठी बायकांना कित्येक तास चालावं लागलं. याच वाटेवर त्यांच्यावर हल्ले व्हायचे.

मग पुरुष का जात नव्हते?

पुरुष गेला तर मारला जाईल. बाई गेली तर तिच्यावर बलात्कार होईल, पण ती जिवंत परत येईल. कुटुंबं खरोखर असा हिशेब करत होती.

ऑक्टोबर २००४ ते फेब्रुवारी २००५ या काळात 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'च्या डॉक्टरांनी दारफुरमध्ये बलात्कार झालेल्या सुमारे ५०० महिलांवर उपचार केले. दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या महिलांचाच हा आकडा आहे. इथे वेळ फार महत्त्वाची असते. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तर गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांच्या आत. बदनामीच्या भीतीने गप्प राहिलेल्या बाईच्या हातून ही मुदत निघून जाते.

चूल कुठून आली?

मूळचे मुंबईचे शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ २००५ मध्ये दारफुरला गेले. तिथल्या बायका तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करत होत्या. त्यांची भांडी, त्यांचं घोटावं लागणारं घट्ट पीठ आणि तिथला वारा लक्षात घेऊन गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी पत्र्याची 'बर्कले-दारफुर' चूल तयार केली. तिला साधारण निम्मं सरपण लागतं, म्हणजे बाहेरच्या फेऱ्याही कमी.

पण चुलीवर सगळा भार टाकणं चूक ठरेल. अनेक बायका सरपण विकून साबण, मीठ, दळणाचे पैसे उभे करायच्या. घरची गरज निम्मी झाली तरी विक्रीसाठी त्यांना जावंच लागायचं. आफ्रिकन युनियनच्या सैनिकांनी काही ठिकाणी त्यांच्यासोबत गस्त घातली, पण गस्त ठरलेल्या दिवशी आली तरच तिचा उपयोग. त्यामुळे चुलीइतकीच छावणीच्या आत कमाईची सोयही लागते.

एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये पुन्हा युद्ध सुरू आहे. यात लढणारं 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल त्याच जंजवीद टोळ्यांमधून उभं राहिलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये या दलाने दारफुरमधली झमझम ही मोठी छावणीच ताब्यात घेतली. तिथल्या महिलांना पुन्हा एकदा विस्थापित व्हावं लागलं.