उभ्यानं हाकायच्या गाडीची कुळकथा
अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यात शाळू पेरण्याआधी रानाला कुळवाच्या पाळ्या घालतात. जमीन घट्ट असली की कुळवाचं लोखंडी पातं, म्हणजे फास, वरवर सरकतो. मग भार द्यायला कुळवणारा स्वतःच दिंडावर, म्हणजे कुळवाच्या आडव्या लाकडावर, चढतो. पाय फाकलेले, गुडघे सैल, एका हातात रुमणं, दुसऱ्यात कासरा, अंग जरा मागं रेललेलं. फास दगडाला अडून हिसका बसला आणि माणूस पुढं गेला, तर थेट फासाच्या तोंडी; म्हणून भार मागं. उभ्यानं हाकायच्या वाहनांची कुळी मी या कुळवापासून लावतो. इथं तोल सांभाळायचं सगळं काम माणसाचंच आहे.

1915 साली न्यूयॉर्कमध्ये ऑटोपेड ही इंजिनाची उभी स्कूटर निघाली. दांडा पुढं ढकलला की ती चाले, मागं ओढला की ब्रेक लागे. ब्रेक लागताना अंग पुढंच झुकतं आणि दांडाही पुढं ढकलला जाऊ शकतो, त्यामुळं ही रचना मला धोक्याची वाटते.

तोल यंत्राकडं गेला तो सेगवे या गाडीमुळं. जिने चढणारी व्हीलचेअर घडवणाऱ्या डीन केमन यांनी 3 डिसेंबर 2001 रोजी सेगवे जगापुढं आणली. चाकं दोनच, तीही शेजारीशेजारी. तळहातावर काठी उभी धरताना ती कलेल तिकडं हात न्यावा लागतो. इथं माणूस कलेल तिकडं चाकं धावतात. कल किती, हे आतले जायरो सतत मोजतात. वेग मर्यादेला भिडला की पायाखालची फळी मागं कलून माणसाला सावरते. पण त्यासाठी मोटरकडं ताकद शिल्लक असावी लागते. बॅटरी उतरलेली असताना ही ताकद कमी पडून माणसं पडली आणि 2003 मध्ये सुमारे 6,000 गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. 2006 मध्ये चाकं अचानक उलटी फिरण्याच्या दोषापायी सुमारे 23,500 गाड्या परत मागवल्या. सेगवेचं उत्पादन 2020 मध्ये थांबलं; त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी याच तत्त्वाच्या गाड्या गस्तीला घेतल्या.

आता अशा गाड्या पोरांच्या हाती येताहेत. तोल यंत्र सांभाळत असलं, तरी पडल्यावर लागतं ते माणसालाच. तेव्हा पोरांना आधी गुडघे सैल ठेवून उभं राहायला आणि वेळेवर खाली उतरायला शिकवा. डोक्यावर हेल्मेट हवंच. आणि बॅटरी उतरल्याची खूण दिसली, की गाडीवरून उतरून चालायला लागा.