हरता न येणारी लढाई

व्यापाराची भाषा पुष्कळदा युद्धाची असते. बाजारपेठ काबीज करावयाची, प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करावयाचे, असे शब्द पेढीवर सहज ऐकू येतात. अमेरिकेत १९८३ साली एका मोठ्या पेढीने हे शब्द अक्षरशः पडद्यावर उतरविले.

कोकाकोला या पेयाचा जन्म १८८६ साली अटलांटा शहरी झाला. नॉर्थ कॅरोलायनातील एका औषधविक्रेत्याच्या पेयाला १८९८ साली पेप्सीकोला हे नाव मिळाले. पुढे दोघांत चुरस वाढली. १९७५ पासून पेप्सीने नाव झाकलेल्या पेल्यांतून दोन्ही पेये लोकांना चाखावयास देऊन कौल घेण्याची मोहीम आरंभिली, आणि ती कोकाकोलाच्या चांगलीच जिव्हारी लागली.

याच काळात 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ घरोघरी पोहोचला होता. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली रचला आणि अटारी कंपनीने १९८० साली तो आपल्या घरगुती यंत्रावर आणला. परग्रहवासीयांच्या रांगा वरून खाली सरकतात. खेळणाऱ्याने खालून गोळ्या झाडावयाच्या. एक तुकडी संपली की दुसरी हजर. या खेळाला विजय ठाऊक नाही. शेवट होतो तो पराभवानेच.

१९८३ मध्ये कोकाकोलाने अटारीकडून याच खेळाची एक निराळी आवृत्ती करवून घेतली. परग्रहवासीयांच्या जागी पी, ई, पी, एस, आय ही अक्षरे आली आणि रांगेच्या टोकाला एक परग्रहवासी तेवढा उरला. खेळणाऱ्याला जीव अमर्याद. मुदत तीन मिनिटांची. मुदत संपताच पडद्यावर 'कोक विन्स', म्हणजे 'कोक जिंकला', अशी अक्षरे झळकत. अटलांटा येथील विक्रेत्यांच्या संमेलनात याच्या १२५ प्रती वाटण्यात आल्या. हा खेळ दुकानात कधीच विकला गेला नाही. संग्राहक त्याला 'पेप्सी इन्व्हेडर्स' म्हणून ओळखतात.

गंमत अशी की, पैसा कोकाकोलाचा, पण लढाईभर डोळ्यांसमोर नाव प्रतिस्पर्ध्याचे! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ खेळात जिंकणे अशक्य होते, तर येथे हरणे अशक्य करून ठेवले होते.

खरा बाजार मात्र असा आज्ञाधारक नव्हता. सुमारे दोन लाख लोकांना नवी चव चाखवून कोकाकोलाने २३ एप्रिल १९८५ रोजी आपली जुनी चव बदलली. नवी चव आवडते का, एवढेच लोकांना विचारले होते. जुनी कायमची गेली तर चालेल का, हे विचारलेच नव्हते. तक्रारींचा पाऊस पडला आणि जुलैमध्ये जुने पेय परत आणावे लागले.

जी लढाई हरताच येत नाही, ती जिंकून काहीच शिकता येत नाही. त्या तीन मिनिटांत शत्रू ठरलेला होता आणि निकालही. ज्याचा कौल खरोखर महत्त्वाचा, तो गिऱ्हाईक मात्र त्या पडद्यावर कोठेच नव्हता.