एका ट्रॉम्बोनमधून चार सूर

ट्रॉम्बोन हे एका वेळी एकच सूर देणारं वाद्य. जॅझच्या बँडमध्ये पाठीशी पियानो, बास आणि ड्रम असतात, त्यामुळे हे उणेपण जाणवत नाही. साथ काढून घेतली की वादकाचा प्रत्येक श्वास उघडा पडतो. तरीही एकट्या ट्रॉम्बोनवर जॅझची मैफल उभी राहिली.

तिचं कूळ शोधत गेलं की फ्रँकफुर्टच्या आल्बर्ट मांगेल्सडॉर्फपाशी (1928–2005) पोचतो. नाझी राजवटीला जॅझ खपत नव्हतं. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या थोरल्या भावाला, एमिलला, गेस्टापोने पकडून नेलं होतं. त्याच भावामुळे आल्बर्टला जॅझची गोडी लागली.

एकट्या ट्रॉम्बोनमधून अनेक सूर काढायला मांगेल्सडॉर्फने वाजवता वाजवता गाण्याची युक्ती वापरली. ती त्याच्याही आधीची. संगीतकार वेबरच्या हॉर्नसाठीच्या ‘काँचेर्टिनो’ या रचनेत (1815) ती आहे, बेरिओने ट्रॉम्बोनसाठी लिहिलेल्या ‘सेक्वेन्झा 5’मध्येही (1966) आहे. मांगेल्सडॉर्फने तिच्यातून जॅझची अख्खी भाषा घडवली.

समजा, ओठांनी सेकंदाला 200 कंपनांचा षड्ज वाजवला आणि त्याच वेळी गळ्याने 300 कंपनांचा पंचम धरला. दोन्ही नळीत एकत्र आले की त्यांच्या बेरजेचा 500चा आणि वजाबाकीचा 100चा असे आणखी दोन सूर उमटतात. 500 म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार, 100 म्हणजे खालचा षड्ज. सुरेल लागलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू यावा, तसा हा न वाजवलेला, न गायलेला गंधार कानावर येतो. गळा किंचित जरी उतरला, तरी सगळं खरखरतं. मला यातली कारागिरी थक्क करते: ओठ, गळा आणि स्लाइडवरचा हात या तिघांनी एकाच क्षणी सुरात असायला हवं!

1972मध्ये म्युनिक ऑलिम्पिकच्या निमित्ताने मांगेल्सडॉर्फ मंचावर एकटा उभा राहिला. पाठोपाठ ‘ट्रॉम्बर्ड्स’ ही एकल वादनाची तबकडी आली. पुढे इंग्लंडच्या पॉल रदरफोर्डने आणि अमेरिकेच्या जॉर्ज लुईसने आपापल्या वाटेने एकल ट्रॉम्बोन नेला. रदरफोर्डने तर लय-तालाचं बंधनही सोडलं. मांगेल्सडॉर्फने मात्र जॅझची झुलती लय सुटू दिली नाही, म्हणून मला तोच अधिक जवळचा.

ऐकायला सुरुवात करायची तर त्याची 1976ची ‘ट्रॉम्बोनलीनेस’ घ्या. हेडफोन लावा, आधी वाजणारा सूर धरा, मग गळ्यातला, आणि त्यानंतर उरलेले दोन शोधा.