फीचर्सची यादी वाढते आणि शेतकरी हरवतो : स्टोरी मॅपिंग म्हणजे काय, वारणेच्या उसावरून समजून घ्या

साल 1998. गावात एसटीडी बूथ असणं हीच मोठी गोष्ट होती, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातलं वारणानगर कॉम्प्युटरमुळे देशभर गाजलं. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात गावोगावी कॉम्प्युटर बसणार होते. प्रकल्पाचं नाव 'वारणा वायर्ड व्हिलेज'. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह, तिघांनी त्यात पैसा घातला आणि 54 गावांत कॉम्प्युटरची केंद्रं उभी राहिली. साखर कारखाना आणि गाव यांच्यात माहितीची देवाणघेवाण तर होणारच होती. शिवाय शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी कामं असं बरंच काही याच पडद्यावर मिळणार होतं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी वारणेत येऊन पाहिलं. कॉम्प्युटर वापरात होते. पण वापर मुख्यतः एकाच कामासाठी होता. उसाचा हिशेब. बाकीच्या आश्वासनांकडे शेतकरी फारसा फिरकत नव्हता. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. 'वारणा अनवायर्ड' हे त्याचं नाव. कॉम्प्युटर बाजूला, त्याजागी साधा मोबाईल आणि एसएमएस. उसाचं वजन किती भरलं, तोडणी कधी, खत किती उचललं ही माहिती एसएमएसवर. कॉम्प्युटरवर होणारी सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत जास्त आवडली, असा निष्कर्ष या संशोधकांनी 2009 मध्ये मांडला.

1998 मध्ये नियोजन करणारी माणसं काही अडाणी नव्हती. तेव्हा गावात मोबाईलही नव्हता. पण एक प्रश्न उरतोच. दहा गोष्टी देता येतात, त्यातल्या लोकांना खरंच कोणत्या लागतात हे पैसा आणि वर्षं खर्च होण्याआधी कसं ओळखायचं?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा प्रश्न रोजचाच आहे आणि त्याच्यावर एक साधी, कागदाच्या चिठ्ठ्यांची पद्धत आहे. तिला स्टोरी मॅपिंग म्हणतात.

आधी थोडं अजाईलबद्दल

पूर्वी सॉफ्टवेअर बनवायचं म्हणजे आधी शेकडो पानांचं कागदपत्र, मग वर्ष-दोन वर्षं काम आणि शेवटी एकदम डिलिव्हरी. तोपर्यंत ग्राहकाची गरजच बदललेली असायची. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं 17 जण जमले आणि त्यांनी 'अजाईल मॅनिफेस्टो' लिहिला. त्याचा गाभा असा की थोडं बनवा, दाखवा, लोक काय म्हणतात ते ऐका, मग पुढचं बनवा. आज हिंजवडीत काम करणाऱ्या कुठल्याही कोल्हापूरकराला विचारा, त्याचा दिवस 'स्प्रिंट' आणि 'बॅकलॉग' या शब्दांनीच सुरू होतो. स्प्रिंट म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा कामाचा हप्ता. बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी.

या यादीतल्या एकेका कामाला 'युजर स्टोरी' म्हणतात. ही कल्पना केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आली. कार्डावर एक वाक्य लिहायचं, वापरणाऱ्याच्या बाजूने : 'शेतकरी म्हणून मला माझ्या उसाचं वजन कळायला हवं, म्हणजे मला बिलाचा अंदाज येईल.' कार्ड मुद्दाम छोटं ठेवायचं, कारण बाकीचं बोलून ठरवायचं असतं.

कल्पना चांगली होती. घोटाळा झाला तो यादीत.

कारखान्याच्या गव्हाणीत मोळ्या पडल्या की कुठली कुणाच्या रानातली हे कोणी सांगू शकत नाही. बॅकलॉगचंही तसंच होतं. दीडशे-दोनशे स्टोऱ्या एकाखाली एक लावल्या की प्रत्येक ओळ शहाणपणाची वाटते, पण माणूस सकाळी कुठून सुरुवात करतो आणि त्याचं काम कुठं संपतं, हे त्या यादीतून दिसत नाही. मग प्राधान्य कसं ठरतं? ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वर.

जेफ पॅटन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने या सपाट यादीवर बोट ठेवलं. 2005 मध्ये लेख लिहिला, 2008 मध्ये कल्पना नीट मांडली आणि 2014 मध्ये 'युजर स्टोरी मॅपिंग' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं एवढंच की यादी करू नका, नकाशा करा.

नकाशा करायचा कसा?

समजा, एका कारखान्याला ऊस उत्पादकांसाठी मोबाईल ॲप करायचं आहे. भिंतीवर मोठा कागद लावा. सगळ्यात वर, डावीकडून उजवीकडे, शेतकऱ्याच्या आयुष्यात ज्या क्रमाने गोष्टी घडतात त्या चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवा : ऊस नोंद, तोडणीची पाळी, तोडणी आणि वाहतूक, काट्यावर वजन, बिल. या ओळीला पॅटन 'बॅकबोन' म्हणतात, म्हणजे कणा. ती वाचली की गोष्ट कळली पाहिजे. कळत नसेल तर क्रम चुकलाय.

आता प्रत्येक चिठ्ठीच्या खाली त्या टप्प्यावरची बारीक कामं लावा. 'ऊस नोंद' खाली लागण की खोडवा, जात कुठली, लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र. 'काट्यावर वजन' खाली भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती, वजनाचा मेसेज. 'बिल' खाली टनेज, विकास सोसायटीच्या कर्जाची कपात, खात्यावर किती जमा झाले. ज्याच्यावाचून चालणारच नाही ते वर, असलं तर बरं ते खाली.

म्हणजे आडवी दिशा काळाची, उभी दिशा निकडीची. पद्धत म्हणून एवढंच आहे. खरी किंमत आहे ती ही चिकटवाचिकटवी करताना होणाऱ्या बोलण्याची.

त्या खोलीत फक्त आयटीची पोरं असतील तर नकाशा सुंदर होईल आणि खोटा होईल. तिथं गट ऑफिसचा माणूस पाहिजे, तोडणीच्या चिठ्ठ्या फिरवणारा चिटबॉय पाहिजे आणि दोन-चार शेतकरी पाहिजेत. मग शेतकरी विचारतो, 'नोंद आमच्या वडिलांच्या नावावर आहे, मोबाईल माझा आहे, मेसेज कुणाला येणार?' चिटबॉय सांगतो की उसाला आग लागली तर पाळी बघत बसत नाहीत, जळीत ऊस आधी उचलावा लागतो, त्याचं काय? कोणीतरी हळूच खुशालीचा विषय काढतो. टोळीला आणि ड्रायव्हरला वरचे पैसे दिल्याशिवाय गाडी हलत नाही, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. कुठल्याही ऑफिसने केलेल्या फीचर्सच्या यादीत ती येणार नाही. शेतकऱ्याची गोष्ट त्याच्याच तोंडून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली तर मात्र 'तोडणी आणि वाहतूक' या चिठ्ठीखाली ती आल्याशिवाय राहत नाही. ॲपने त्यावर काय करायचं हा वेगळा वाद. पण निदान वाद होतो.

मग कापायचं कुठून?

इथं बहुतेक जण चुकतात. नकाशा तयार झाला की साहजिक वाटतं, डावीकडून सुरू करूया. आधी ऊस नोंद पक्की करू, नकाशावर प्लॉट दाखवू, फोटो घेऊ. मग पाळीकडे वळू.

पण गळीत हंगाम काही सॉफ्टवेअरसाठी थांबत नाही. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धुराडं पेटतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत पट्टा पडतो. नोंदीचा भाग देखणा करण्यात तीन महिने जास्त गेले, तर कात्री लागते ती उजव्या टोकाला. उजव्या टोकाला काय आहे? वजन आणि बिल. म्हणजे शेतकऱ्याला ज्याच्यासाठी ॲप उघडावंसं वाटेल तेच गायब. ऊस (नियंत्रण) आदेश 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. त्यामुळे 'बिल कधी?' हा प्रश्न या भागात घराघरांत विचारला जातो आणि त्याच्यावरून आंदोलनंही होतात. प्रक्रियेत जे शेवटी येतं तेच शेतकऱ्यासाठी पहिलं असतं.

स्टोरी मॅपिंगमध्ये म्हणून कात्री आडवी चालवतात. कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारायची. रेघेच्या वर प्रत्येक टप्प्याची किमान एक चिठ्ठी हवी. पहिल्या हंगामात नोंद नव्याने घ्यायचीच नाही, गट ऑफिसच्या रजिस्टरमधली जुनी यादी आत ओढायची. पाळीची फक्त तारीख. तोडणीला गाडी नंबर. काट्यावर गाडी उतरली की वजनाचा मेसेज. बिल जमा झालं की रक्कम. बस. दिसायला गरीब, पण उसाची गोष्ट नोंदीपासून बिलापर्यंत पुरी होते.

याच अंगाने जाणारी 'वॉकिंग स्केलेटन' ही ॲलिस्टर कोबर्न यांची कल्पना आहे. चालता सांगाडा. मांस नंतर चढवा, पण तो पहिल्या दिवसापासून चालला पाहिजे.

दुसरी रेघ पुढच्या हंगामाची : कपातीचा तपशील, जळीत उसाची सूचना, वडील-मुलाचे दोन नंबर. प्लॉटचा नकाशा आणि फोटो तिसऱ्या रेघेखाली. हवामान आणि बाजारभाव कदाचित कधीच नाही, कारण त्यासाठी शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये दुसरी ॲप्स आधीच आहेत.

आता वारणेकडे पुन्हा बघा. वायर्ड व्हिलेजच्या काळात स्टोरी मॅपिंग हा प्रकारच मांडला गेला नव्हता, आणि एसएमएसचा प्रयोगही त्या नावाने झालेला नाही. पण काप त्याच जातीचा आहे. संशोधकांनी आधी लोक काय वापरतात ते पाहिलं. शेतीसल्ल्यापासून सरकारी कामांपर्यंतचा पसारा सोडला, उसाच्या हिशेबाची साखळी मात्र तोडली नाही. आणि 54 गावांऐवजी सातच गावं घेतली, म्हणजे चुकलं असतं तरी ते सात गावांपुरतं राहिलं असतं.

सगळीकडे हे चालतं का?

नाही. चालू सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करायच्या असतील तर नकाशाची गरज नाही, साधी यादी पुरते. ज्या कामात माणसाचा प्रवासच नाही, उदाहरणार्थ एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर नेणं, तिथंही कणा ओढूनताणून बनवावा लागतो. एका कामाला किती दिवस लागतील, हेही नकाशा सांगत नाही.

आणखी एक अडचण जास्त अवघड आहे. गोष्ट कुणाची? कारखान्याच्या ॲपमध्ये शेतकऱ्याचा कणा एक, तोडणी मुकादमाचा दुसरा, शेती ऑफिसचा तिसरा. तिघांना एकाच ओळीत कोंबलं की पुन्हा गव्हाण झाली. अनुभवी टीम्स आधी एकाच माणसाची निवड करतात आणि बाकीचे जिथं त्याच्या वाटेत येतात तिथंच त्यांच्या चिठ्ठ्या लावतात. निवड कुणाची करायची, हा मात्र तांत्रिक प्रश्न नाही. ॲपचे पैसे कारखाना देतो, त्यामुळे नकाशा शेती ऑफिसच्या सोयीकडे सरकत जातो. तसं होतंय हे ओळखायची एक खूण आहे : वरच्या ओळीतल्या चिठ्ठ्यांवर 'डेटा एंट्री', 'मंजुरी', 'रिपोर्ट' असे शब्द दिसायला लागतात. शेतकरी आपल्या दिवसाबद्दल बोलताना हे शब्द वापरत नाही.

साहित्य म्हणाल तर रंगीत चिकट चिठ्ठ्या, मार्कर आणि रिकामी भिंत. टीम पुण्यात आणि शेतकरी शाहूवाडीत असेल तर मिरोसारखे ऑनलाईन बोर्ड आहेत, जिरामध्ये जोडायची प्लगइन्सही आहेत. पण पहिली बैठक शक्यतो गट ऑफिसातच घ्यावी, कारण चिटबॉय लॅपटॉपच्या पडद्यावरची चिठ्ठी हलवणार नाही. भिंतीवरची चुकीची चिठ्ठी मात्र तो उठून काढतो आणि योग्य जागी लावतो.